ठेव आणि उसनवारी

मे महिना सरत आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रस्त्यांवर छाटणीच्या गाड्या फिरू लागतात. करवतीचा आवाज येतो, फांद्या धडाधड खाली पडतात आणि दुपारपर्यंत रस्त्याकडेच्या झाडाची एक बाजू बोडकी होते. याला पावसाळापूर्व छाटणी म्हणतात. ती पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. एकजण हळहळतो, की किती निर्दयपणे तोडतात! दुसरा म्हणतो, बरे झाले, हे झाड केव्हा डोक्यात पडेल याचा नेम नव्हता.

दुसऱ्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २०१७ च्या पावसाळ्यात ठाण्याच्या पाचपाखाडी भागात दुचाकीवरून जाणाऱ्या एका वकिलावर झाड कोसळले आणि त्याचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एक बाई मरण पावली. ज्यांच्या घरचे माणूस असे जाते त्यांना झाडाचे महत्त्व सांगायला आपण कोणत्या तोंडाने जाणार? पण म्हणून झाडे छाटून छाटून खांब करून टाकावीत, हेही मनाला पटत नाही. रस्त्यावरच्या झाडाशी माणसाने वागावे तरी कसे, असा हा प्रश्न आहे. तो महापालिकेच्या उद्यान विभागाचा आहेच, पण मला तो नीतीचाही वाटतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आलेल्या आहेत. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. हातात रोप असताना कयामत येऊन ठेपली तरी जमले तर ते लावून टाकावे, असेही सांगितले आहे. जुम्म्याच्या बयानात या हदीसी आपण पुष्कळदा ऐकतो. दुसरीकडे, वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा मानली गेली आहे. रस्त्यात आलेली काटेरी फांदी बाजूला करणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, अशीही हदीस आहे. म्हणजे झाड लावण्याचा सवाब आहे आणि वाटसरूला इजा करणारी फांदी दूर करण्याचाही सवाब आहे. एकाच गुलमोहराखाली उभे राहून या दोन्ही शिकवणी आठवल्या की माणूस गोंधळतो.

मला वाटते, गोंधळ शिकवणीत नाही. झाड लावणे आणि फांदी तोडणे या दोन प्रसंगांच्या मध्ये चाळीस-पन्नास वर्षांचा काळ असतो. त्या काळात झाडाकडे कोण पाहतो, हे आपण विचारायचे विसरलो आहोत.

लावण्याचे तर आपल्याला वेडच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहेतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प सोडले होते. आकडे कसे चढत गेले पाहा. यातली किती जगली यावरून पुढे विधिमंडळात वाद झाला, चौकशीसाठी समिती नेमली गेली. शाळांतही जुलै महिना आला की वृक्षारोपण होते. पाहुणे येतात, खड्डा आधीच खणून ठेवलेला असतो, फोटो निघतो. शिक्षक म्हणून मी अशा बऱ्याच कार्यक्रमांना उभी राहिले आहे. मुलांना त्याचा आनंद होतो, हे खरे. पण मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षा चालू असताना आणि नळाला पाणी कमी असताना, त्या रोपाला तांब्याभर पाणी घालण्याचा कार्यक्रम कुणी ठेवत नाही. त्याला पाहुणा कोण येणार?

आता कायद्याकडे पाहू. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ पासून वेगळा कायदा आहे. त्यानुसार महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते, झाडे तोडायला त्याची परवानगी लागते, झाडांची ठराविक काळाने गणना करावी लागते. या कायद्यात झाड तोडणे याची व्याख्याही चांगली व्यापक आहे. झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही तोडण्यात धरले आहे. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावीत, असा नियम आला. साठ वर्षांचे झाड गेले तर साठ रोपे. वरवर पाहता हा हिशेब चोख वाटतो. आधीच्या एकास एक, एकास दोन अशा हिशेबापेक्षा तो उदारही आहे. तरीही या हिशेबात काहीतरी चुकते आहे, असे मला सारखे वाटत राहते. ते काय, हे समजून घेण्यासाठी मला फिकहमधील एका साध्या भेदाचा उपयोग झाला.

कर्ज आणि अमानत यांतील तो भेद. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर तीच साखर परत द्यायची नसते. तेवढीच, तशाच प्रतीची साखर दिली की देणे फिटते. पण हजला निघालेल्या शेजारणीने दागिन्यांचा डबा आपल्याकडे ठेवायला दिला, तर ती परत आल्यावर तोच डबा आणि तेच दागिने तिच्या हाती द्यावे लागतात. ते मोडून खाल्ले आणि नंतर दुप्पट वजनाचे सोने आणून दिले, तरी तो खयानतच ठरतो. उसनवारीत मोबदला चालतो. ठेवीत ती वस्तूच जपावी लागते.

रस्त्यावरचे झाड आपण उसन्या साखरेसारखे मानले आहे. इथले तोडले, तिथे लावून देऊ. एक तोडले, साठ देऊ. माझे म्हणणे असे, की ते झाड ठेव आहे आणि ठेवीला हा हिशेब लागू पडत नाही.

कुणी विचारील, लाकूडफाट्याला एवढा मान कशाला? तर सावली कुणाला मिळते ते पाहा. मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली चपला शिवणारा बसतो, केळीवाल्याची गाडी लागते, रिक्षांची रांग असते, बसची वाट पाहणाऱ्या बायका मुलांना घेऊन टेकतात. ही सगळी ठराविक माणसे आहेत आणि त्यांची जागाही ठरलेली आहे. झाड गेले की त्यांच्या डोक्यावरचे ऊन त्याच दिवसापासून सुरू होते. भरपाईची साठ रोपे कुठेतरी दूर, मोकळ्या भूखंडावर लागतात. ती जगली तरी सावली द्यायला त्यांना पंधरा-वीस वर्षे लागणार, आणि त्या सावलीत दुसरीच माणसे बसणार. एकाचे देणे दुसऱ्याला देऊन फिटते का? आपल्या घरच्या व्यवहारात आपण हे कधी मान्य करणार नाही. उर्दूत सावलीला साया म्हणतात, आणि बाप वारला तर मुलाच्या डोक्यावरचा साया उठला असे म्हणतात. त्या मुलाला कुणी सांगत नाही, की गावात आणखी साठ बाप आहेत.

यात गरीब-श्रीमंतीचा भागही आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या मोठ्या संकुलांना आत स्वतःची बाग असते. रस्त्यावरचे झाड गेले तरी तिथल्या मुलांना खेळायला सावली उरते. मुंब्रा-कौसा ही वस्ती ठाणे महापालिकेतलीच. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुसलमान कुटुंबे इथे आली. डोक्यावर छप्पर मिळवणे हीच तेव्हाची गरज होती. इमारतीला इमारत चिकटून उभी राहिली आणि पदपथाला जागा उरली नाही, मग झाडाला कुठून उरणार? कल्याणच्या जुन्या मोहल्ल्यांच्या गल्ल्याही अरुंदच. सहावीच्या मुलांना मी एकदा घरून शाळेपर्यंत लागणाऱ्या झाडांची नावे लिहून आणायला सांगितली. काहींनी चार-पाच आणली, बहुतेकांनी एक-दोन. तीन मुलांची पाने कोरी होती. त्यांनी अभ्यास टाळला नव्हता. त्यांच्या वाटेवर खरोखरच झाड नव्हते. अशा वस्तीत जे एखादे झाड उरले आहे त्याचे मोल शंभर झाडांच्या रस्त्यावरील एका झाडाएवढे धरता येणार नाही. गणनेच्या वहीत मात्र दोन्ही एकच आकडा असतात.

ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी किती, हेही फिकहमध्ये सांगितले आहे. २६ जुलै २००५ सारखा पूर आला आणि शेजारणीचा डबा घरासकट वाहून गेला, तर सांभाळणारीवर भरपाई येत नाही. पण ती दार उघडे टाकून बाजारात गेली आणि डबा चोरीला गेला, तर येते. नुकसान झाले एवढ्याने दोष लागत नाही. हयगय झाली असेल तर लागतो. हाच निकष झाडाला लावून पाहावा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले, तेव्हा या पट्ट्यात पुष्कळ झाडे पडली. निरोगी झाडही तसल्या वाऱ्यात पडू शकते. त्याचा दोष कुणाला देता येत नाही. पण साध्या पावसात झाड पडते तेव्हा त्याच्या बुंध्याशी जाऊन पाहावे, आपण दार उघडे टाकले होते की काय.

बहुधा टाकलेले असते. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. आपण रस्ता करताना काँक्रीट थेट बुंध्याला भिडवतो, पेव्हर ब्लॉक खोडाला घट्ट बसवतो. मग केबलसाठी चर खणतो आणि झाडाला धरून ठेवणारी मुळे एका बाजूने कापून टाकतो. वरून तारांना लागतात म्हणून फांद्याही एकाच बाजूच्या तोडतो. खालचा आधार गेलेला आणि वरचा तोल ढळलेला असे ते झाड जुलैच्या पावसात माती भिजली की आडवे होते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत झाडाने बळी घेतला असे छापून येते. दिल्लीतील एका प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. ठाण्यातील झाडांभोवतीच्या काँक्रीटचा प्रश्नही २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. चारी बाजूंना एक मीटर माती, एवढीशी ही मागणी. त्यासाठी न्यायालयात जावे लागते.

छाटणीचेही असेच आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड असते. त्या कडेच्या जरासे बाहेर काप घेतला तर झाड ते तोंड हळूहळू झाकून टाकते. कडच कापली किंवा हातभर खुंट ठेवला, तर तिथून कूज आत शिरते. अमेरिकेच्या वन विभागातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून याचा अभ्यास केला. त्यांनी दाखवले, की माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतल्या आत भिंत घालते, सडका भाग कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा चुकीचा घाव आजही त्या खोडात तसाच असतो. हे ज्याला माहीत आहे तो करवत हाती घेताना थांबेल. वाटसरूला इजा करणारी फांदी दूर करायचीच आहे. पण ती अशी दूर करावी, की दहा वर्षांनी अख्खे झाड दुसऱ्या वाटसरूवर पडू नये. मघाच्या दोन हदीसींत विरोध वाटला होता, तो असे पाहिले की राहत नाही. झाडाची नीट देखभाल करणारा माणूस झाडही राखतो आणि वाटही सुरक्षित ठेवतो.

यावर मोठा आक्षेप आहे तो विकासाचा. मेट्रो नको का? ठाण्यात वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ साठीच्या वृक्षतोडीचा वाद उच्च न्यायालयात गेला होता. २०१९ मध्ये तोडीवरील स्थगिती उठली. ज्यांना सकाळी कल्याण-डोंबिवलीहून लोकलच्या दारात लटकून मुंबई गाठावी लागते, त्यांच्या जिवाचे मोल झाडापेक्षा कमी आहे, असे कोण म्हणेल? ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची वाट पाहणाऱ्यांत मीही आहे. झाड ठेव आहे याचा अर्थ ते कधीच तोडू नये, असा मी करत नाही.

इथे इतिहासातले एक उदाहरण आठवते. कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली. आरमाराला लाकूड लागते, आणि राज्य राखायचे तर आरमार लागतेच. यापेक्षा मोठी निकड कोणती असणार? तरीही रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असे बजावले आहे. कारण असे दिले आहे, की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन ते घ्यावे, जबरदस्ती करू नये. राज्याची गरज इथे नाकारलेली नाही. पण गरज आहे एवढे म्हटले की काम भागत नाही. ज्याचे झाड त्याच्यासमोर जाऊन उभे राहावे लागते.

रस्त्यावरच्या झाडाच्या बाबतीत कुणासमोर उभे राहायचे, एवढाच प्रश्न उरतो. मालक कोण? कागदावर महापालिका. पण महापालिका तर सांभाळणारी आहे. ज्याने ते लावले तो बहुधा हयात नाही, आणि ज्यांच्यासाठी लावले त्यातले कितीतरी अजून जन्मायचे आहेत. मग आज जे त्या सावलीत बसतात त्यांना तरी विचारावे. झाड तोडण्यापूर्वी नोटीस निघते, हरकती मागवतात. त्या नोटिशीत झाडाच्या जातीबरोबर त्याच्या आधाराने जगणाऱ्यांचीही नोंद का असू नये? भरपाईची रोपे आधी त्याच रस्त्यावर, त्याच वस्तीत का लागू नयेत? ती वाढेपर्यंत त्या चपला शिवणाऱ्याला आणि केळीवाल्याला आडोसा करून देणे हे तोडणाऱ्याचे देणे का मानू नये? हे सगळे करूनही तोडणे अटळ ठरले, तर ते दुःखाने तोडावे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने २०१३ च्या सुमारास शहरातील प्रत्येक झाडाला स्वतंत्र क्रमांक आणि ईमेलचा पत्ता दिला होता. लोकांनी मोडलेल्या फांद्यांची तक्रार कळवावी, असा हेतू. लोक झाडांना प्रेमाची पत्रे लिहू लागले. आपल्याकडे पत्रे नकोत. पण प्रत्येक झाड हे एक ठराविक झाड आहे, एवढे जरी वहीत आले तरी पुष्कळ.

ठेव सांभाळणारे आपणही आहोत. दुकानाची पाटी खोडावर खिळ्याने ठोकणारा आपल्यातलाच असतो. झाडाचे अन्न सालीच्या आतल्या थरातून वाहते आणि खिळा तोच थर फोडतो. पुण्याहून सुरू झालेल्या खिळेमुक्त झाडांच्या मोहिमेत तरुण मुलांनी पक्कड घेऊन शेकडो झाडांचे खिळे उपटले. ते काम कुठल्याही मोहल्ल्यातली मुले रविवारी सकाळी करू शकतात. हॉटेलातले उकळते पाणी आणि जळके तेल बुंध्यात ओतले जाते, ते थांबवता येते. उरूस, ईद-ए-मिलाद, गणपती, लग्न, सगळ्यांच्या रोषणाईच्या तारा झाडाला करकचून बांधल्या जातात आणि सण गेला तरी सोडल्या जात नाहीत. त्या सोडवता येतात. मशिदीत वजूचे किती पाणी रोज गटारात जाते! त्यात साबण नसतो. एक पाइप टाकून ते दारासमोरच्या झाडाला देता आले, तर उन्हाळ्याची काळजी मिटेल. मशिदीच्या ट्रस्टींनी एका बैठकीत ठरवण्यासारखे हे काम आहे.

झाड लावणाऱ्याला सवाब मिळतो, हे आपण मुलांना शिकवतोच. त्याबरोबर एवढेही शिकवावे, की दुसऱ्या कुणीतरी लावून ठेवलेले झाड आपल्या हवाली झाले आहे. ते लावणारा कोण होता, हिंदू होता की मुसलमान, सरकारी माळी होता की वाटेने जाणारा, हे आपल्याला कधी कळणार नाही. त्याचा सदका अजून चालू आहे. आपल्या हयगयीने तो बंद पडला तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल, आणि तेव्हा दूरच्या भूखंडावर लावलेली साठ रोपे दाखवून सुटका होईल असे मला वाटत नाही.